देवाचे लाडके कोण ?

न्यायाधीशानें साक्षीपुरावा ऐकण्यापूर्वींच निकाल लिहून पेटींत ठेविला होता असें उघडकीस आलें, तर तो निकाल वरिष्ठ कोर्टांत घटकाभरही टिकावयाचा नाहीं. दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकून घ्यावें आणि मग तोंड उघडावें, हा न्यायाचा पहिला धडा; तो ज्यानें गिरविला नाहीं त्यानें न्यायासनावर बसूं नये. या धड्यावर ज्यांची बुद्धि पोसली आहे अशा आमच्यासारख्या कायद्याच्या पाइकांस ख्रिस्ती धर्मांतील 'ईश्वरी निवडी'चा सिद्धांत प्रथमदर्शनीं विलक्षण वाटल्यावांचून राहत नाहीं. सृष्टीची घडी बसण्यापूर्वींच परमेश्वरानें कांहीं मनुष्यें आपलीं म्हणून निवडलीं. ही निवड करतांना त्यानें त्यांचें कुल, विद्या किंवा पुण्य यांपैकीं कशाचाही हिशेब पाहिला नाहीं. आणि ज्या अर्थीं ती पुण्यावर उभारलेली नाहीं, त्या अर्थीं पापानेंही ती ढासळत नाहीं, असें या सिद्धांताचें थोडक्यांत म्हणणें आहे. म्हणजे जन्मापूर्वीं निकाल, साक्षीवांचून निकाल, आणि त्यावर अपीलही नाहीं ! असा न्याय पृथ्वीवरील कोणा संस्थानिकानें केला असता तर आम्ही त्यास जुलमी म्हटलें असतें. मग तोच न्याय स्वर्गांत झाला म्हणजे त्यास प्रेम कसें म्हणावें?

हा प्रश्न दैनिक पत्राच्या अग्रलेखांत कशास, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. त्यांस आमचें उत्तर असें कीं, धर्मशास्त्राचे सिद्धांत ग्रंथांच्या कपाटांत पडून राहत नाहींत. ते देवळाच्या पायरीवरून गांवच्या पाणवठ्यावर येतात, तेथून कचेरींत शिरतात आणि अखेरीस कायद्याच्या कलमांत जाऊन बसतात. देव कोणावर प्रेम करितो या प्रश्नाचें जें उत्तर एखादा समाज देतो, त्यावरून तो समाज शेजाऱ्यास पाणी देईल कीं नाहीं हें पुष्कळदां ठरतें. शिवाय अहमदनगर, वसई, मुंबई, गोवें या आपल्या मुलुखांत ख्रिस्ती घराणीं पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. त्यांची भाषा ती आपली भाषा आहे. शेजाऱ्याच्या धर्माविषयीं अज्ञान बाळगून राष्ट्रैक्याच्या गोष्टी बोलणें म्हणजे भिंतीआड राहून आलिंगन देण्यासारखें आहे. मात्र एक गोष्ट आरंभींच सांगितली पाहिजे. निवडीचा हा सिद्धांत त्याच्या कडक स्वरूपांत सर्व ख्रिस्ती पंथांस मान्य नाहीं. कॅथॉलिक आणि मेथॉडिस्ट मंडळींचा त्यास आक्षेप आहे. परंतु ईश्वराचें प्रेम मनुष्याच्या लायकीच्या आधीचें आहे, हें मूळ तत्त्व त्या सर्वांस समान आहे.

प्रथम या मताची बाजू तिच्या कैवाऱ्यांनीं मांडली असती तशी मांडूं. यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांत, म्हणजे ज्यास ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात त्यांत, परमेश्वरानें इस्राएल राष्ट्र आपलें म्हणून निवडल्याचें सांगितलें आहे. पण त्या निवडीचें कारण देतांना अनुवाद नांवाच्या पुस्तकांत जें सांगितलें आहे तें ध्यानांत धरण्यासारखें आहे. तुम्ही संख्येनें मोठे होतां म्हणून तुमची निवड झाली असें समजूं नका, तुम्ही तर सर्व राष्ट्रांत लहान होतां. देवानें प्रेम केलें याचें कारण त्याचें प्रेम हेंच होय, असा त्या उपदेशाचा आशय आहे. पुढें आमोस नांवाचा एक मेंढपाळ संदेष्टा झाला. त्यानें याच लोकांस उभे करून बजाविलें कीं, देवानें तुम्हांस जवळ केलें आहे, म्हणूनच तुमच्या अपराधांचा जाब तो तुम्हांस आधीं विचारील. आणि दूरच्या कूशी लोकांहून तुम्ही त्याच्या दृष्टीनें निराळे नाहीं. गरिबास एका जोड्याच्या किंमतीस विकणाऱ्या श्रीमंतांच्या तोंडावर त्यानें हे शब्द फेंकले. तात्पर्य, ज्या ग्रंथांतून ही निवड निघाली त्या ग्रंथांतच निवडीच्या अभिमानावर पहिला कोरडा ओढलेला आहे.

नव्या करारांत पौलानें हाच विचार व्यक्तीस लावला. रोमच्या मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटीं मरण, जीवन, सत्ता, वर्तमान, भविष्य अशा एकेका प्रबळ वस्तूचें नांव घेऊन त्यानें प्रतिपादन केलें आहे कीं, यांपैकीं कांहींही देवाच्या प्रेमापासून मनुष्यास तोडूं शकणार नाहीं. आणि लगेच नवव्या अध्यायांत, आईच्या उदरांत असलेल्या याकोब व एसाव या जुळ्या भावांचें आणि कुंभाराच्या हातांतील मातीचें उदाहरण घेऊन त्यानें देवाच्या स्वतंत्र इच्छेची गोष्ट काढिली आहे. आठव्या अध्यायानें ज्याचे डोळे पुसले त्याच्या काळजांत नवव्या अध्यायानें धडकी भरावी, हें या सिद्धांताचें विचित्र भाग्य होय.

परंतु या दोहोंच्या मध्यें पौलानें एक दृष्टांत घातला आहे, आणि तो नेमका कायद्याचा आहे. तो दृष्टांत दत्तविधानाचा. देवानें मनुष्यास दत्तक घेतलें, असें तो म्हणतो. आतां दत्तकाचा कायदा आपल्या देशांत कोणास शिकवावयास नको. दत्तक घेतलें जाणारें मूल कांहीं परीक्षा उतरून त्या घरांत येत नाहीं. त्याला पाळण्यांतून उचलून आणितात. त्यानें अजून ना पराक्रम केलेला असतो, ना अपराध. आणि एकदां विधिपूर्वक दत्तक झालें म्हणजे मुलगा पुढें उनाड निघाला या कारणास्तव बापास तें रद्द करतां येत नाहीं; आपल्या १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाहाच्या कायद्याच्या १५ व्या कलमांत हेंच तत्त्व स्पष्ट शब्दांत ग्रथित झालें आहे. निवडीचा सिद्धांत न्यायकचेरींतून उचलून या दत्तमंडपांत आणून ठेविला म्हणजे आमच्या पहिल्या आक्षेपाची धार पुष्कळ बोथट होते. न्यायाधीशानें पुरावा पाहिलाच पाहिजे. बापानें मात्र पुरावा मागितला तर तो बाप कसला? ईश्वराच्या अढळ प्रेमाचें जें समाधान या मतांत आहे तें खरें आहे. आपलें जीवन आपल्याच हातानें बिघडविलेल्या मनुष्यास, 'तूं चांगला होशील तर तुला जवळ करीन' असें म्हणणारा देव उपयोगी पडत नाहीं; कारण चांगलें होण्याचें बळच त्याच्यापाशीं उरलेलें नसतें. त्याला आधीं जवळ घेणाराच कोणी तरी पाहिजे असतो.

असें असतां या मतानें युरोपांत इतके तंटे कां माजविले ? तंट्यांचा इतिहास लांब आहे. त्यांतील दोन-तीन प्रकरणें येथें पुरेत. उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) यानें मनुष्याचें तारण सर्वस्वीं कृपेनें होतें असें प्रतिपादिलें. पेलेजियस नांवाच्या ब्रिटिश यतीनें मनुष्याच्या प्रयत्नाचा पक्ष घेतला. ४१८ सालीं कार्थेजच्या धर्मसभेनें पेलेजियसचें मत त्याज्य ठरविलें. तथापि ५२९ सालीं ऑरेंज येथील सभेनें, देव कोणास पापासाठींच नेमून ठेवितो हें म्हणणेंही तितक्याच निक्षून धिक्कारिलें. पुढें सोळाव्या शतकांत जॉन कॅल्व्हिन (१५०९–१५६४) यानें या मतास शास्त्राची बांधणी दिली. कॅल्व्हिन हा ऑर्लेआं व बूर्झ येथें कायदा शिकलेला होता, आणि त्याच्या ग्रंथाची कलमवार मांडणी पाहिली म्हणजे तें शिक्षण वायां गेलें नाहीं असें दिसतें. त्याच्या ग्रंथाची पहिली आवृत्ति १५३६ ची आणि शेवटची १५५९ ची. या शेवटच्या आवृत्तींत निवडीचें प्रकरण त्यानें ग्रंथारंभीं न घालतां तिसऱ्या भागांत, श्रद्धा आणि प्रार्थना यांचें विवेचन झाल्यावर घातलें आहे. वकिलाच्या दृष्टीस ही जागा अर्थपूर्ण वाटते. बुडतां बुडतां कांठास लागलेला मनुष्य मागें वळून पाहतो आणि 'मी पोहलों नाहीं, मला कोणीं तरी ओढून काढलें' असें म्हणतो. त्या उद्गाराचें शास्त्र म्हणजे हें प्रकरण. कांठावर बसून कोण बुडणार याची यादी करण्यासाठीं तें लिहिलेलें नव्हतें.

दुर्दैवानें पुढील लोकांनीं यादी करण्यासच आरंभ केला. हॉलंडांत लायडन विश्वविद्यालयाचा अध्यापक आर्मिनियस यानें या मताच्या कडकपणावर शंका घेतली. १६०९ सालीं तो वारला, आणि १६१० सालीं त्याच्या अनुयायांनीं आपलें म्हणणें पांच कलमांच्या अर्जानें सरकारापुढें ठेविलें. त्याचा निकाल लावण्यासाठीं डॉर्ट शहरीं नोव्हेंबर १६१८ पासून मे १६१९ पर्यंत धर्मसभा भरली. तिनें अर्जदारांचें मत त्याज्य ठरविलें आणि अनेक उपदेशकांच्या जागा गेल्या. या वादांत राजकारणाचें विष मिसळलेलें होतेंच. ९ मे रोजीं सभेचें काम संपलें आणि १३ मे रोजीं, म्हणजे अवघ्या चार दिवसांनीं, अर्जदारांचा पाठीराखा वृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेवेल्ट याचा वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं हेग येथें राजद्रोहाच्या आरोपावरून शिरच्छेद झाला. त्याचाच सहकारी ह्यूगो ग्रोशियस यास जन्मठेपेची शिक्षा झाली. १६२१ सालीं पुस्तकांच्या पेटाऱ्यांत दडून तो किल्ल्यांतून निसटला, आणि १६२५ सालीं त्यानें युद्ध व शांतता यांच्या कायद्यावरील तो ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्यावर आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया घातला गेला. ईश्वराच्या अढळ प्रेमाविषयींचा वाद फांशीच्या ओट्यापर्यंत पोंचतो, तेव्हां वादाचा विषय प्रेम राहिलेला नसून सत्ता झालेला असतो, हें सांगावयास ज्योतिषी नको.

आतां दुसरा आक्षेप. सर्व कांहीं आधींच ठरलें असेल तर मनुष्यानें हातपाय कशास हालवावे ? आळशास हें मत सोयीचें आहे, आणि अशा आळशी धार्मिकांची इंग्लंडांत वाण नव्हती. परधर्मीयांस उपदेश करणें हें देवाचें काम, तो त्यास हवें तेव्हां करील, असें म्हणणारे उपदेशक अठराव्या शतकांत होते. त्यांस उत्तर देणारा विल्यम केरी हाही निवडीवर श्रद्धा ठेवणाऱ्या बॅप्टिस्ट पंथाचाच. धंद्यानें मोची असलेल्या या गृहस्थानें १७९२ सालीं एक पुस्तिका लिहून असें मांडलें कीं, देवानें जर फळ नेमलें असेल तर फळाचें साधनही नेमलें आहे, आणि तें साधन आपले हात होत. १७९३ सालीं तो बंगाल्यांत उतरला. त्याचा हेतु धर्मांतराचा होता हें आम्ही विसरत नाहीं. परंतु त्याच श्रीरामपुराहून १८०५ सालीं पंडित वैजनाथ यांच्या साहाय्यानें मराठी भाषेचें व्याकरण आणि १८१० सालीं मराठीचा कोश छापून निघाला, हेंही कृतज्ञ मनुष्यास विसरतां येत नाहीं. तीच गोष्ट डॉ. जॉन विल्सन यांची. १८२९ सालीं मुंबईस आलेले हे स्कॉच गृहस्थ ज्या पंथाचे, त्याचा कबुलीजबाब निवडीच्या सिद्धांतानें ओतप्रोत भरलेला. पण १८७५ सालीं मृत्यु येईपर्यंत ते शाळा काढीत आणि मुलें शिकवीत राहिले. 'ठेविलें तें होईल' असें म्हणून ते स्वस्थ बसले नाहींत. तेव्हां हें मत माणसास आळशी करितेंच, असा निकाल पुराव्यावर देतां येत नाहीं.

तथापि आळसाहून भयंकर असा एक रोग आहे, तो निश्चिंततेचा. १८९३ सालीं गांधी दक्षिण आफ्रिकेंतील प्रिटोरियास गेले, तेव्हां तेथील ख्रिस्ती स्नेह्यांशीं त्यांचा सहवास घडला. त्यांपैकीं प्लिमथ ब्रदर पंथाच्या एका गृहस्थानें त्यांस असें समजाविलें कीं, पाप तर मनुष्याकडून टळावयाचें नाहीं. म्हणून त्याचा भार ख्रिस्तावर टाकावा आणि मोकळें व्हावें. गांधींनीं आत्मकथेंत आपलें उत्तर नमूद केलें आहे. त्याचा आशय असा कीं, पापाच्या फळापासून सुटका करून घेण्याची मला हौस नाहीं. मला पापवृत्तीपासूनच सुटावयाचें आहे. सर्व ख्रिस्ती असें मानीत नाहींत, हेंही त्यांनीं तेथेंच न्यायबुद्धीनें सांगितलें आहे. कृपेच्या कोणत्याही सिद्धांतास याहून चांगली उलटतपासणी आमच्या पाहण्यांत नाहीं. बाप दत्तक रद्द करीत नाहीं हें खरें. पण म्हणून मुलानें घर जाळीत सुटावें काय?

जॉन न्यूटनचें चरित्र या दृष्टीनें उद्बोधक आहे. 'अमेझिंग ग्रेस' या जगप्रसिद्ध इंग्रजी भजनाचा हा कर्ता तरुणपणीं गुलामांच्या जहाजावर होता. १७४८ सालीं समुद्रांतील तुफानांत त्याचें मन ईश्वराकडे वळलें. पण मन वळलें तरी धंदा वळला नाहीं. १७५४ सालीं दुखण्यानें दर्यावर्दीपणा सोडीपर्यंत तो गुलामांची वाहतूक करीतच होता. पुढें तो धर्मोपदेशक झाला, आणि १७८८ सालीं, म्हणजे चौतीस वर्षांनीं, त्यानें आपल्या पूर्वायुष्याची लाज उघडपणें सांगून त्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याच मताचा दुसरा नामांकित उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड यानें जॉर्जियांत अनाथालय काढलें, आणि तें चालविण्यासाठीं स्वतः गुलाम बाळगले. उलट निवडीचा सिद्धांत ज्यानें १७३९ सालीं भर सभेंत धिक्कारिला, त्या जॉन वेस्लीनें १७७४ सालीं गुलामगिरीवर झणझणीत निबंध लिहिला. एकाच मताचे दोघे दोन दिशांस जातात आणि विरुद्ध मताचे दोघे शेवटीं एका ठिकाणीं येतात ! यावरून मताच्या शब्दांपेक्षां तें मत कोणत्या उपयोगास लाविलें जातें, इकडेच पाहिलें पाहिजे.

हा उपयोग किती घोर होऊं शकतो याचा मोठा पुरावा दक्षिण आफ्रिकेनें दिला. तेथील डच वसाहतवाले कॅल्व्हिनच्या मताचे. १८२९ सालीं केप येथील त्यांच्या धर्मसभेनें, प्रभुभोजनाचे वेळीं रंगाचा भेद करूं नये, असा स्वच्छ ठराव केला होता. १८५७ सालीं त्याच सभेनें, सर्वांनीं एकत्र बसणें हेंच धर्मग्रंथास धरून आहे असें मान्य करूनही, कांहीं लोकांच्या दुर्बलतेस्तव काळ्या बांधवांची उपासना वेगळी भरविण्यास परवानगी दिली. दुर्बलता कोणाची ? गोऱ्यांची ! परंतु अपवाद म्हणून आंत घेतलेला पाहुणा घरधनी होऊन बसतो, हा कायद्याच्या इतिहासांतील नित्याचा अनुभव आहे. १८८१ सालीं वेगळी मंडळीच स्थापन झाली. इकडे १६ डिसेंबर १८३८ च्या झुलू लोकांवरील विजयापूर्वीं केलेल्या नवसाची स्मृति वार्षिक सण होऊन बसली, आणि 'आम्ही देवानें या भूमीसाठीं राखून ठेविलेले लोक' ही भावना राष्ट्राभिमानांत मिसळली. ही भावना कितपत कॅल्व्हिनची आणि कितपत जमिनीच्या लोभाची, याविषयीं इतिहासकारांत वाद आहे. पण १९४८ सालीं वर्णभेदाचें धोरण घेऊन जो पक्ष सत्तेवर आला त्याचे पुढारी डी. एफ्. मलान हे पूर्वाश्रमींचे धर्मोपदेशक होते, आणि त्या धोरणास धर्मग्रंथांतून आधार शोधून देण्याचें काम गोऱ्या मंडळींनीं पुष्कळ वर्षें केलें, याविषयीं वाद नाहीं. लहानांत लहान म्हणून ज्यांची निवड झाली त्यांची कथा वाचून, मोठ्यांनीं लहानांस हांकलून देण्याचा कायदा काढिला !

या प्रकरणाचा शेवट मात्र त्याच धर्माच्या आंतून झाला, आणि तो सांगितल्याशिवाय आमचें कथन एकतर्फी होईल. १९८२ सालीं ऑटावा येथें जगांतील कॅल्व्हिनमतानुयायी मंडळींच्या महासंघानें, वर्णभेदाचें धार्मिक समर्थन हें पाखंड होय, असें जाहीर करून दक्षिण आफ्रिकेंतील दोन गोऱ्या मंडळींचें सभासदत्व तहकूब केलें. त्याच वर्षीं तेथील अश्वेत मंडळीनें बेलहार येथें आपला कबुलीजबाब सिद्ध केला आणि १९८६ सालीं तो रीतसर स्वीकारिला. देव विशेषेंकरून दीन, दरिद्री आणि अन्यायपीडित यांचा आहे, हें त्याचें सार. १९९० च्या नोव्हेंबरांत रस्टेनबर्ग येथें सर्व पंथांच्या परिषदेंत स्टेलेनबॉशचे अध्यापक विली योंकर यांनीं उभें राहून आपल्या व आपल्या मंडळीच्या वतीनें वर्णभेदाच्या पापाची कबुली दिली. आर्चबिशप टुटू यांनीं तिचा स्वीकार केला. १९९५ पासून १६ डिसेंबर हा दिवस समेटाचा दिवस म्हणून पाळण्यांत येऊं लागला. धर्मांतून आलेलें विष धर्मांतील औषधानेंच उतरविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. पण रोग्यास किती सोसावें लागलें हेंही विसरूं नये.

येथें आमचा एखादा स्वधर्माभिमानी वाचक मिशीवर ताव देऊन म्हणेल कीं, हा सगळा परकीयांचा घोळ. आमच्याकडे कर्माचा सिद्धांत आहे, आमच्याकडे असा पक्षपात नाहीं. त्यानें थोडें थांबावें. कठोपनिषदांत आत्मलाभ हा पांडित्यानें मिळणारा नव्हे, तो वरणाचा विषय आहे, असें सांगितलें आहे. दक्षिणेंतील श्रीवैष्णवांत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन पक्ष शतकानुशतकें भांडत आले. माकडीण उडी मारते तेव्हां पिलानें तिला घट्ट धरावें लागतें, पण मांजरी आपल्या पिलास स्वतःच तोंडांत धरून नेते, तर जीवाचें तारण यांपैकीं कशासारखें? डॉर्टचा वाद याहून निराळा नव्हता. मध्वाचार्यांच्या मतांत तर मुक्तियोग्य, नित्यसंसारी आणि तमोयोग्य असे जीवांचे स्वभावतःच तीन वर्ग केलेले आहेत. तमोयोग्यांस सुटका नाहीं. तेव्हां कॅल्व्हिनला हंसण्यापूर्वीं आपण आपल्याच पोथ्या चाळाव्या हें बरें.

आणि पोथ्या बाजूस ठेवून व्यवहार पाहिला तर काय दिसतें ? जन्मापूर्वींच ठरलेली निवड, पुण्यानें न मिळणारी आणि पापानें न जाणारी, आपण निश्चयानें पाळली आहे. फक्त तिला आपण जाति असें नांव दिलें. एक मूल विशिष्ट घरीं जन्मास आलें एवढ्यावरून तें पूज्य, आणि दुसरें पलीकडच्या वस्तींत जन्मलें एवढ्यावरून तें तळ्यास शिवूं नये ! २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं डॉ. आंबेडकरांस हजारों लोकांसह चालत जावें लागलें, आणि २ मार्च १९३० पासून नाशिकास काळारामाच्या दारीं सत्याग्रह करावा लागला. निवडलेल्यांनीं निवडले न गेलेल्यांपुढें दार लावून घेतलें होतें. डच सभेचा १८५७ चा ठराव निदान स्वतःची दुर्बलता कबूल करीत होता, आपण तर तिला शुचिता म्हणत होतों. राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें १९५० सालीं अस्पृश्यता कायद्यानें नष्ट केली. मनांतील कलमें मात्र कायदेमंडळास रद्द करतां येत नाहींत. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानेंही हा रोग आपोआप गेला नाहीं. गोव्यांतील ख्रिस्ती समाजांत चर्चच्या बंधुसंघांपर्यंत जातिभेद शिरला होता. कृपेवर विश्वास ठेवणारे आणि कर्मावर विश्वास ठेवणारे, दोघेही या एका बाबतींत सारखेच गुन्हेगार ठरतात.

मग या सिद्धांताचा निवाडा काय ? आमच्या मतें तो पुराव्याच्या एका साध्या नियमावर होण्यासारखा आहे. साक्षीदारानें स्वतःच्या अनुभवाची गोष्ट सांगावी. दुसऱ्याच्या मनाची किंवा भवितव्याची सांगूं नये. 'माझी कांहीं लायकी नसतां मला जवळ केलें' असें जेव्हां भक्त सांगतो, तेव्हां ती ग्राह्य साक्ष होय. ती ऐकून मन नम्र होतें. 'त्याला मात्र जवळ केलेलें नाहीं' असें जेव्हां तोच भक्त सांगूं लागतो, तेव्हां तो साक्षीदाराचा पिंजरा सोडून न्यायासनावर चढतो, आणि तें आसन त्याचें नव्हे. स्वित्झर्लंडचे धर्मपंडित कार्ल बार्ट यांनीं १९४२ सालीं, युद्ध पेटलेलें असतां, या सिद्धांताची पुनर्रचना केली. निवडलेला मनुष्य कोण असें विचाराल तर तो ख्रिस्त स्वतः, आणि त्याच्या ठायीं सर्व मानवजातीकडे देवाचा होकार आहे, असें त्यांनीं मांडलें. आपल्या वंशास श्रेष्ठ ठरवून कोट्यवधि लोकांचा संहार करणारी राजवट त्या वेळीं जर्मनींत होती, आणि १९३४ च्या बार्मेन येथील जाहीरनाम्याच्या रूपानें तिच्या धर्मांतील ढवळाढवळीस बार्ट यांनीं आधींच विरोध केलेला होता. त्यांचें मत सर्वांस पटलें नाहीं. पण निवडीची यादी फाडून टाकण्याची वेळ आली आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

दत्तक आलेल्या मुलाचा दृष्टांत आम्हीं वर घेतला. त्या मुलास घरांत, शेतांत, देवघरांत सर्वत्र हक्क आहे, आणि तो कोणीही काढून घेऊं शकत नाहीं. पण ओसरीवर दुसरें कोणी उपाशी बसलेलें असतां 'मी या घरचा वारस' असें सांगून त्यानें दार लाविलें, तर त्याचा हक्क जात नसला तरी त्यानें घराची अब्रू घालविली असें म्हटलें पाहिजे. कारण आपण स्वतः त्या दारांतून कसे आंत आलों, हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक नाहीं. जे समाज, जे पंथ आणि जीं राष्ट्रें आपणांस देवाचीं लाडकीं समजतात, त्या सर्वांस, आणि त्यांत आम्ही स्वतःसही धरतों, आमचें एवढेंच विचारणें आहे कीं, तुमच्या लाडकेपणाचा तुमच्या शेजाऱ्यास कोणता लाभ झाला ? ज्यास याचें उत्तर देतां येईल त्यानें निवडीचा सिद्धांत खुशाल मानावा. ज्यास देतां येत नसेल, त्यानें आधीं दार उघडावें. शास्त्रार्थ मागाहून करतां येईल.